चावडी, ठाणे आणि पळालेला गडी

पोलीस ठाण्याचा इतिहास म्हटला की गाजलेले दरोडे, खुनांचे तपास आणि भिंतीवरचा ठाणेदारांच्या नावांचा फलक डोळ्यांपुढे येतो. वर्धा जिल्ह्यात तर १९४२ च्या आंदोलनातले आष्टीचे ठाणे आठवणारच, आणि ते आठवायलाच हवे. या लेखात मात्र त्यातले फारसे काही नाही. देवळीच्या पंचक्रोशीत चावडीपासून ठाण्यापर्यंत पोलिसी व्यवस्था कशी उभी राहिली, हे एकाच प्रकारच्या माणसामागे चालत जाऊन पाहायचे आहे. हा माणूस म्हणजे मालकाकडून पळालेला माणूस. तो कोणाच्या हाती लागे आणि हाती लागल्यावर त्याला कुठे नेत, यावरून व्यवस्थेची जेवढी ओळख पटते तेवढी दरोड्याच्या तपासावरून पटत नाही. दरोडेखोराला धरायचे, याबद्दल कोणत्याच राज्यात दुमत नव्हते. पळालेल्या गड्याबद्दल होते, आणि दर पिढीत ते बदलत गेले.

गुलाम म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापले तेव्हा ते अर्पणही केले ते हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पण गुलाम विकत घ्यायला मराठी मुलखाला समुद्रापार जावे लागत नव्हते. पेशवाईच्या दफ्तरात ‘कुणबीण’ म्हणून ज्या बाया येतात त्यांचा कुणबी जातीशी संबंध नाही. विकत घेतलेली, लढाईत धरलेली, दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली किंवा बदकर्माच्या शिक्षेने सरकारजमा झालेली ती बाई. ती कोठीत दळण-कांडण करी, पागेत राबे, किल्ल्यावर खपे. तिची मुले मालकाची. म्हातारी झाली की बदली बाई देऊन किंवा पैसे भरून तिला सोडवता येई. पेशव्यांच्या रोजनिशीतून गणेश चिमणाजी वाडांनी जे निवडे छापले, त्यांत हे व्यवहार धान्याच्या आणि जनावरांच्या हिशेबाइतक्याच सपाट भाषेत आलेले आहेत.

अशी बाई पळाली तर? पुण्यात कोतवाल होता. शहरात कोण आले, कोण गेले याची नोंद, बाजारभाव, वजनमापे, रात्रीची गस्त, घरांच्या खरेदीखतांची नोंद ही सगळी त्याची कामे. घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ कोतवाल होता. नाटकामुळे त्याचे नाव घरोघरी गेले, पण कोतवाली ही घाशीरामापेक्षा कितीतरी मोठी संस्था होती आणि तिचे रोजचे काम बरेचसे रुक्ष होते. त्या रुक्ष कामातच हेही बसे, की पळालेली कुणबीण सापडली तर तिला मालकाच्या हवाली करायचे. मामलेदारांना, किल्लेदारांना तशीच आज्ञा असे. चोरीला गेलेला बैल शोधून द्यावा तसे हे काम, आणि त्यात अंमलदाराला वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मालकी सिद्ध झाली की प्रश्न संपला.

मराठ्यांच्याच अमलात शंभर वर्षे आधी वेगळा हुकूम निघाला होता, हेही इथे सांगायला हवे. दक्षिण दिग्विजयाच्या काळात, ऑगस्ट १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना कौल दिला. त्यात आधीच्या अमलात चालत आलेली स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी आणि जहाजातून नेआण त्यांनी साफ बंद केली, आणि डचांनी तसे करू पाहिले तर आपली माणसे ते अडवतील असेही बजावले. मला या कौलात रस आहे तो याच शेवटच्या भागासाठी. चांगले हुकूम पुष्कळ निघतात. पण तो बजावायचा कोणी, हे त्याच कागदावर लिहिलेले क्वचित सापडते. पुढच्या शतकात पेशव्यांच्या अंमलदारांना उलटेच काम लागले, ही आपल्या इतिहासातली शोभेची बाब नाही.

आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. इंग्रजांनी १८४३ चा पाचवा कायदा केला तेव्हा तो कंपनीच्या मुलखापुरता होता, भोसल्यांच्या नव्हे. चारच कलमांचा हा कायदा. गुलामगिरी रद्द झाली, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. म्हटले आहे ते इतकेच, की वसुलीसाठी कोणाही सरकारी अंमलदाराने माणूस गुलाम म्हणून विकू नये. कोणत्याही न्यायालयाने वा मॅजिस्ट्रेटने गुलामावरचा मालकीहक्क बजावून देऊ नये. गुलामाने कमावलेली चीज केवळ तो गुलाम होता म्हणून त्याच्याकडून जाऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलामाविरुद्धही गुन्हाच. मालकाच्या घरात शिरून कायद्याने काही केले नाही, फक्त मालकामागे उभा असलेला शिपाई काढून घेतला. त्याआधी पळालेल्या गुलामाला परत करायचे की नाही, याबाबत कंपनीच्या मॅजिस्ट्रेटांचीही एकवाक्यता नव्हती. काही जण करत, काही नकार देत. हा कायदा मला त्या काळातल्या पुष्कळ गाजावाजा झालेल्या सुधारणांपेक्षा अधिक हुशार वाटतो. शिपाई नसेल तर गुलामगिरी फार दिवस टिकत नाही, हे त्याने ओळखले होते.

तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये गेले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. नेमक्या त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत बोस्टन शहरी अँथनी बर्न्स नावाचा पळालेला गुलाम पकडला गेला. तिथे १८५० च्या कायद्याने पळालेल्याला धरून देणे हे सरकारी मार्शलचे कर्तव्यच केले होते. टाळाटाळ करणाऱ्या मार्शलला एक हजार डॉलर दंड होता. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाला परत दिला तर दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. बोस्टनच्या लोकांनी कोर्टावर धडक दिली, त्या झटापटीत एक पहारेकरी मेला. तरी २ जूनला लष्कराच्या बंदोबस्तात बर्न्सला बंदरावर नेऊन व्हर्जिनियाला धाडले. एक माणूस परत न्यायला पलटणी लागल्या. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या राज्याने आपल्या अधिकाऱ्यांना असल्या कामातून जवळजवळ बाहेर काढणारा कायदा केला.

देवळीला या गोष्टीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे कापसाचे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरे बंद पडली, गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीवर आली. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस विलायतेत नावारूपाला आला. १८६१ मध्येच मध्य प्रांत झाला आणि त्याच वर्षी पोलीस कायदा आला, ज्यावर आपली ठाण्यांची रचना आजही बरीचशी उभी आहे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे पहिले मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा वसवून ते तिकडे हलले. त्याच सुमारास रिव्हेट-कार्नॅक नावाचा साहेब खास कापसासाठी कमिशनर नेमला गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि देवळीची कापसाची पेठ भरभराटीला आली. १९०१ च्या शिरगणतीत देवळीची वस्ती सुमारे पाच हजार होती. त्या मानाने इथे सरकी काढण्याचे नि गाठी बांधण्याचे कारखाने बरेच होते. बर्न्सला पकडून देणारी व्यवस्था तिकडे मोडली, तेव्हा तिच्या कापसाची जागा आपल्या कापसाने घेतली.

आणि हा कापूस कोणी पिकवला? मजुराने आणि सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने.

इथे गावची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी आपल्या भागात मालगुजारी कायम केली. गावाचा मालक मालगुजार. मालगुजारांपैकीच एक जण गावचा मुकद्दम. गावात गुन्हा घडला, कोणी संशयित परका आला, कोणी अचानक मेला, तर ठाण्याला वर्दी देण्याची जबाबदारी मुकद्दमाची. फौजदारी प्रक्रियेच्या १८९८ च्या कायद्यातले ४५ वे कलम तर जमिनीच्या मालकालाही वर्दी द्यायला बांधून घेई. मुकद्दमाच्या हाताखाली गावचा कोतवाल, पुण्याच्या कोतवालासारखा अधिकारी नव्हे तर राखणदार, बहुधा महार समाजातला. त्याचे पोट गावकऱ्यांच्या धान्यावर आणि ठरलेल्या हक्कांवर. हातात काठी आणि काखेत जन्म-मृत्यूची वही घेऊन तो ठरल्या दिवशी ठाण्यावर जाई. कोण जन्मले, कोण मेले, गावात काय नवे, हे सांगून परत येई. ठाण्यातला जमादार गावाबद्दल जे जाणत असे ते बहुतेक या वहीतून आणि कोतवालाच्या तोंडून.

म्हणजे सरकारचा गावातला डोळा मुकद्दम होता आणि मुकद्दम हाच सालदाराचा मालक. चावडी त्याच्या वाड्याच्या ओट्यावर. कोतवाल मुकद्दमाला दुखवून गावात राहू शकत नव्हता. आता या गावातून पळायची ज्याच्यावर वेळ आली त्याने वर्दी कोणाकडे द्यायची?

साल धरायचा दिवस पाडवा. मालक, गडी आणि मध्ये बोलणारा एखादा जाणता ओट्यावर बसत. वर्षाची ज्वारी किती कुडव, रोख किती, धोतर-पागोटे, पायातला जोडा, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आगाऊ उचल किती, हे ठरे. मग पहाटे शेण-वैरण, दिवसा वखर, डवरा, तिफण, रात्री जागल. वर्ष बरे गेले आणि घरात आजारपण, लग्न निघाले नाही तर उचल पुढल्या पाडव्याला फिटे, आणि गडी हवे तर दुसऱ्या मालकाकडे साल धरे. अशा सालदाराला गुलाम म्हणणे अतिशयोक्ती होईल. आपल्या भागातल्या अनेक घरांत मालक आणि गडी यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या चांगले राहिले, तेही खोटे नाही. पण ज्याची बाकी फिटली नाही, ती पुढल्या सालात ओढली गेली, त्यात व्याज चढले, बापाच्या बाकीपोटी पोरगा ढोरकी म्हणून लागला आणि मालकाच्या परवानगीवाचून परगावी मजुरीला जाता येईना, त्याला काय म्हणायचे? हिशेबाची वही मालकाकडे, आणि गड्याला अक्षरओळख नाही.

मग एका सकाळी गोठ्यात बैल हंबरत उभे असत आणि गावभर एवढेच होई: गडी पयाला.

वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड. १९०३ पर्यंत त्याचा कारभारच निराळा होता आणि जमिनीची पद्धत तर पुढेही निराळीच राहिली. तिथे रयतवारी, मालगुजार नाही. नदी ही आपल्याकडे नुसती नदी नव्हती. पण पळणाऱ्याच्या मागे कायदा कोणता लागे, हे पाहण्यासारखे आहे. १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत ३७० व्या कलमाने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा ठरवला आणि ३७४ व्याने जबरदस्तीची मजुरीही गुन्ह्यात धरली. त्याच पुस्तकाच्या अखेरीस ४९० आणि ४९२ ही कलमे होती, जी नोकरीचा करार मोडणाऱ्याला शिक्षा देत. मालकाच्या खर्चाने लांब नेलेला मजूर काम सोडून गेला तर महिनाभराची कैद. शिवाय १८५९ चा तेरावा कायदा होता. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून तो झाला आणि सरकार तो हव्या त्या भागाला लावू शके. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराविरुद्ध, मजुराविरुद्ध मालकाने तक्रार केली की मॅजिस्ट्रेट वॉरंट काढी. मजुराने पैसे परत करावे किंवा कामावर जावे, नाही तर तीन महिने सक्तमजुरी.

१८४३ मध्ये मालकामागून जो शिपाई काढून घेतला होता तो सोळा वर्षांत हाती वॉरंट घेऊन परत आला, असे माझे मत आहे. फरक इतकाच की आता तो माणूस आणायला न जाता ‘करार’ बजावायला जाई. माणूस मात्र तोच, दोरीही तीच. आणि मालकाचा करार मोडला, त्याने ज्वारी कमी मोजली, तर त्याला कैद नव्हती. त्यासाठी गड्याने दिवाणी दावा लावायचा! जिथे हे कायदे पोहोचले नाहीत तिथेही चोरीचे कलम हाताशी असेच. जाताना कांबळे नेले, विळा नेला, घेतलेली उचल म्हणजे फसवणूक, अशी फिर्याद लिहून द्यायला फार अक्कल लागत नाही. आजही ऊसतोडीच्या उचलीवरून मुकादम आणि तोडकरी कुटुंब यांच्यात जे वाद ठाण्यांत येतात, त्यांत फसवणुकीची भाषा ऐकू येते. पैशाच्या वादाला फौजदारी रंग द्यायचा की नाही, हे शेवटी ठाण्यातल्या त्या टेबलावर ठरते. म्हणून ठाणे अंमलदाराचे टेबल हे आपल्या कायद्यातले बरेच मोठे न्यायालय आहे.

१८५९ चा कायदा आणि दंडसंहितेतली ती दोन कलमे १९२५ मध्ये रद्द झाली, १९२६ पासून अमलात नाहीशी झाली. वर्ध्याच्या स्मरणिकेत सेवाग्राम यायला हवे अशी अपेक्षा असते. पण हा बदल गांधीजी सेवाग्रामला येण्याच्या दशकभर आधीचा आहे आणि त्याच्या बातमीने कुठल्या चावडीवर दिवाळी झाल्याचे दिसत नाही. कारण चावडी होती तिथेच होती. मालगुजारी गेली १९५१ मध्ये. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला. मालक आणि गावचा पोलीस एकाच घरातले असावेत ही सक्ती अशी टप्प्याटप्प्याने सुटली. गावातला पळणारा माणूस ज्याच्या दारावर थाप मारू शकेल असे दुसरे दार तेव्हा कुठे कायद्याने तयार झाले. माझ्या लेखी गावच्या पोलिसी इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना, आणि तिच्यावर एकही कोनशिला नाही.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ आणि माणसांचा व्यापार बंद केलाच होता. पण त्याला दात आले आणीबाणीत. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम आणि १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा. कर्जापोटीची मजुरी रद्द, आणि ते कर्जही रद्द. अशा मजुराला राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसाने वॉरंटची वाट पाहायची नाही. कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करायचे ओझे सावकारावर. कायद्यात हाली, कमिया, सागडी, वेठी अशा देशभरच्या पद्धतींची यादी आहे. तिच्यात आपली सालदारी नाही. पण व्याख्या वाचली की कळते, की उचलीपोटी कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य गमावलेला माणूस त्यात बसतो, मग त्या पद्धतीला गावात काहीही म्हणोत. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले: किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम हीही वेठच.

कायदा बजावण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे आणि त्याच्या दक्षता समितीकडे दिले आहे, गुन्हा नोंदवायचे पोलिसाकडे. ही वाटणी कागदावर सुबक आहे. प्रत्यक्षात ठाणे म्हणते हा महसूलचा विषय, तहसील म्हणते आधी गुन्हा नोंदवा, आणि मध्ये मजूर उभा. वसई-भिवंडीकडे विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात आदिवासी वेठबिगारांच्या सुटका घडवल्या. पंडितांना १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. त्या कामात त्यांचा वेळ मालकांशी भांडण्याइतकाच अंमलदारांना त्यांच्याच हातातला कायदा वाचून दाखवण्यात गेला असणार, असे कोणत्याही सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या माणसाला वाटेल. सुटका झालेल्याला मुक्तीचा दाखला लागतो. २०१६ च्या योजनेप्रमाणे पुनर्वसनाचे एक, दोन किंवा तीन लाख रुपये त्या दाखल्याला जोडलेले आहेत, आणि पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाला. म्हणून पंचनामा कोणी, किती तासांत आणि कोणत्या शब्दांत लिहिला, यावर एका कुटुंबाचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात जे घडले ते प्रत्येक ठाण्याच्या प्रशिक्षणात सांगावे असे आहे. अहमदनगरला रेल्वे स्थानकाच्या परिसरात काम शोधणाऱ्या माणसांना दलालाने गाठले आणि विहीर खोदण्याच्या कंत्राटदारांकडे पोचवले. ढोकी ठाण्याच्या हद्दीतल्या विहिरींवर त्यांच्याकडून दिवसाचे बारा-बारा तास खोदकाम करून घेत, मजुरी नाही, आणि पळू नयेत म्हणून रात्री साखळीने बांधून ठेवत. त्यांतला एक जण निसटला. तो शेजारच्या गावात गेला नाही, कंत्राटदाराच्या ओळखीच्या कोणाकडे गेला नाही. थेट हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोहोचला आणि तिथल्या पोलिसांना सगळे सांगितले. हिंगोलीच्या पोलिसांनी त्याला ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवले नाही. त्यांनी ढोकीला कळवले. ढोकीचे पोलीस विहिरीवर गेले तेव्हा तिथे माणसे होती. अकरा जण सुटले, कंत्राटदार आणि दलाल यांच्यावर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या १७३ व्या कलमाने हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची खबरही घ्यावीच लागते. आपण ज्याला ‘झिरो’वर नोंदवणे म्हणतो त्याला आता कायद्याचा आधार आहे. गावातून, ऊसतोडीच्या फडातून किंवा वीटभट्टीवरून निसटलेला माणूस देवळीच्या ठाण्यात आला, आणि घटना दोनशे किलोमीटरवरची असली, तरी खबर इथेच लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि तिची नक्कल त्याला फुकट द्यायची. उचल किती होती हा प्रश्न त्यानंतरचा.